कॅश म्हणजे रोकडा नव्हे!

आलात का वहिनी? या, पण जास्वंदीच्या अलीकडे उभ्या राहा, तिकडे मुंगळे आहेत. हो, परवाच परतले. झोप अजून अमेरिकेतच आहे.

काय पाहिलं म्हणता? लेक राहते स्प्रिंगफिल्डला. इलिनॉयमधलं, म्हणजे अब्राहम लिंकनचं गाव. नातू म्हणाला, "आजी, चल, कॅश शोधू." म्हटलं, या वयात रस्त्यावर पैसे शोधत फिरू? तर कॅश म्हणजे रोकडा नव्हे हो, लपवलेली डबी! एकाने लपवायची, अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि बाकीच्यांनी फोन घेऊन हुडकत सुटायचं. जिओकॅशिंग म्हणतात. तिकडच्या सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमधल्या एकाने रानात बादली पुरली. आत काय, तर पुस्तकं, गलोल आणि चक्क बीन्सचा डबा! मी तिळाच्या वड्या घेतल्या तर नातू म्हणतो, "खायचं ठेवायचं नाही, वासाने प्राणी येतात." मग बीन्स कशा चालल्या? गप्प बसला.

लिंकनच्या घराशी डबी नाही ठेवता येत. ती जागा राष्ट्रीय उद्यानवाल्यांची, परवानगी लागते. म्हणून आमची डबी होती चार गल्ल्या पलीकडे, गाड्या लावायच्या जागेत. दिव्याच्या खांबाला खाली पत्र्याचा झगा असतो ना, तो उचलायचा. फोन दहा-पंधरा पावलांपर्यंत नेतो, पुढे आपले डोळे. तेवढ्यात कुत्रं फिरवणारे एक आजोबा आले. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही ते 'मगल', त्यांच्यासमोर उघडायचं नाही. नातवाने मला बुटाची नाडी बांधायचं सोंग करायला लावलं. गुडघे कसले वाकतायत! आजोबा मदतीलाच धावले.

लिंकनचं घर पाहिलं तर! आत जायला तिकीट असतं, पण फुकट. थोरल्या मुलाने १८८७ मध्ये घर राज्याला दिलं तेच त्या अटीवर. आणि गंमत ऐका. ज्या पाद्र्याने लिंकनचं लग्न लावलं, त्याच्याकडूनच १८४४ मध्ये हे घर विकत घेतलं. तेव्हा जेमतेम दीड मजली. पुढे १८५६ मध्ये वरचा मजला पुरता चढवला. लिंकन कोर्टाच्या कामाने परगावी. परत आला तो दारासमोर उभा राहून शेजाऱ्याला विचारतो, "काय हो, इथे लिंकन राहायचे, ते कुठे गेले?" खरं-खोटं देव जाणे. पण सांगणारा शेजारचाच, जोडे शिवणारा गृहस्थ. लिंकन स्वतः गायीची धार काढायचा हेही त्यानेच सांगितलं. लिंकन गेल्यावर त्याच्या वकिलीतल्या भागीदाराने घरोघर जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, त्यात हे सगळं आलं. आणि आमचे हे म्हणतात, तुम्ही बायका कुंपणाशी उभ्या राहून वेळ घालवता!

लिंकनच्या कुत्र्याचं राहिलंच. फायडो नाव. १८६१ मध्ये वॉशिंग्टनला निघताना त्याला ओळखीच्या सुताराकडे ठेवलं. सोबत त्याच्या आवडीचा सोफासुद्धा दिला म्हणे. आपल्याकडे सुनेला माहेरून एवढं येत नाही.

हां, डबीत काय होतं? कागदाची सुरळी, एक गोटी, एक बटण. सुरळीवर मी मराठीत नाव घातलं. एक वस्तू घ्यायची तर तोलामोलाची दुसरी ठेवायची, असा नियम. गोटी घेतली आणि पर्समधला रुपया ठेवला. तेव्हा कुठे त्या कॅशमध्ये कॅश पडली!

थांबा, जाऊ नका, कुकरची शिट्टी माझ्याकडची आहे. ही घ्या तुमची वाटी. गणपतीत पुरण दिलं होतंत ना, तीच. सहा महिने राहिली, पण रिकामी देत नाहीये. झाकण घरात गेल्यावर उघडा, समोरच्या गच्चीवरून बघतायत.