मे महिन्यातलं पुष्पप्रदर्शन

जानेवारीत कुणीही बागप्रेमी होऊ शकतो. पुण्यात एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं ते जानेवारीतच. त्या दिवसांत ऊन कोवळं, हवा गार, आणि शेवंती, डेलिया, पिटुनिया अशा जोमात की माळ्याचं त्यांच्याशी नेमकं काय काम, असा प्रश्न पडावा. बक्षीस मात्र माळ्याच्या मालकाला. माझं म्हणणं एवढंच, की एखादं प्रदर्शन १५ मेला, दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या मांडवात भरवावं. मग दिसेल कुणाच्या हाताला किती गुण आहे ते.

विभागही मी ठरवून ठेवलेत. ‘तुळस (हयात)’ आणि ‘तुळस (दिवंगत)’ हे दोन तर हवेतच. ‘हिरव्या जाळीची उत्कृष्ट बांधणी’ यात साडीची किनार आणि जुन्या पायजम्याची नाडी वापरणाऱ्यांना जादा गुण. आणि सगळ्यात चुरशीचा विभाग म्हणजे ‘एकही पान नसलेली, पण जिवंत असल्याचा मालकाचा दावा असलेली काडी’. परीक्षकांनी नखाने साल खरवडून बघायची. आत हिरवं निघालं तर पास. आमच्या गच्चीत मे महिन्यात हा विधी रोज चालतो. जास्वंदीच्या एका फांदीला आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा खरवडलंय, की ती उन्हाने गेली की चौकशीने, हे सांगता येणार नाही.

उन्हाळ्यात पाहुणे आले की पूर्वी गुलाब दाखवायचो. आता काड्या दाखवतो. तेही मान हलवत ‘धुगधुगी आहे हो’ म्हणतात आणि लगेच मोबाइलवर त्यांच्याकडची मेलेली झाडं दाखवतात. मे महिन्यातलं बागप्रेम हे असं आहे.

या सगळ्यात ऊन सरळ खेळत नाही. मेच्या १३-१४ तारखेला भरदुपारी पुण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच दडते. शाळेतली मुलं त्या दिवशी मैदानात काठ्या रोवून टाळ्या वाजवतात. कुंड्या भिंतीच्या सावलीला सरकवणाऱ्या माणसाने टाळ्या कशाला वाजवाव्यात? भिंतच आहे, सावली नाही. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेच्या बाजूने जातो. आमची मागची गॅलरी उत्तरेची. ‘इथे ऊन येतच नाही,’ असं सांगून ती आम्हाला विकली गेली होती आणि त्या भरवशावर तिथे नेचे, मनीप्लांट अशी नाजूक मंडळी ठेवली होती. मेमध्ये सकाळ-संध्याकाळ तिथे तिरपं ऊन घुसतं आणि नेच्यांचा पापड होतो. घर विकणाऱ्याने डिसेंबरात पाहून सांगितलं असावं.

नागपूरच्या मावसभावाकडे मात्र हे रडगाणं चालत नाही. ‘चाळीसला काहून घाबरून राहिला बे? आमचा नवतपा यायचाय अजून!’ २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की त्यांचे ते नऊ दिवस सुरू होतात, आणि तो ते सांगतो अशा थाटात की जणू मे महिन्याचा कारखाना त्याच्या मालकीचा आहे. त्याच्या कुंड्या कुलरच्या झोतात मांडलेल्या असतात. वहिनी म्हणतात, ‘झोत तुळशीला, मला उरलेली हवा.’

पाण्याचं राजकारण निराळंच. सोसायटीत एप्रिलपासून एकवेळ पाणी, आणि झाडांना नळी लावणाऱ्याकडे सगळा जिना संशयाने बघतो. त्यामुळे आमच्या घरात कुठलंही पाणी सरळ मोरीत जात नाही. तांदळाचं धुवण गुलाबाला, डाळीचं कढीपत्त्याला, भाज्या धुतलेलं मोगऱ्याला. फिल्टरच्या मागच्या नळीतून पडणारं पाणीही मी बादलीत धरायचो, पण त्यात क्षार असतात आणि कुंडीतल्या मातीवर पांढरी साय धरते. आता ते फरशीला. एकदा पाहुण्यांनी अर्धा प्याला पाणी उष्टं सोडलं, तेव्हा आई आणि ही दोघींनी एकाच वेळी आपापल्या कुंडीकडे बोट दाखवलं.

आणि दुपारी बारानंतर भोपळ्याच्या वेलाकडे बघू नये. पानं अशी मान टाकतात की बघणाऱ्याला गहिवरून यावं. मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडून जातं, म्हणून माती ओली असतानाही ती लोंबतात. संध्याकाळी आपोआप ताठ. पण तळमजल्यावरच्या काकूंना हे पटत नाही. त्या भरउन्हात खालून हाका मारतात, ‘अरे, तुझा वेल गेला! पाणी घाल!’ दुपारी घातलेल्या अशाच मायेच्या पाण्याने मुळं कुजून कितीतरी वेल खरोखर गेलेत. त्यांच्या श्राद्धालाही काकूच आधी हळहळतात.

बोगनवेल मात्र या माणुसकीला भीक घालत नाही. तिला पाणी कमी पडलं की ती जास्त फुलते. खरं तर ती गुलाबी दिसतात ती पानंच, खरं फूल आत पांढरं आणि एवढंसं. ब्राझीलमधून निघून, एका फ्रेंच दर्यावर्दीचं नाव लावून आलेली ही बाई आमच्या पाण्याच्या टाकीशेजारी, जिथे कुणाची बादली पोचत नाही, तिथे नटून उभी असते. तिच्याकडे बघून मला नेहमी अपमान झाल्यासारखं वाटतं.

मग हे सगळं करायचं कशाला? मोगऱ्यासाठी. थंडी सरताना छाटून ठेवलेला मोगरा कडक उन्हाशिवाय फुलतच नाही, आणि उन्हाळा जेवढा निर्दय तेवढ्या त्याच्या कळ्या भरघोस. संध्याकाळी साडेसहाला आई परडी घेऊन येते. त्या वेळी कळ्या टपोऱ्या, पण मिटलेल्या हव्यात. उमललेलं फूल वेणीला चालत नाही. दोन फुलं पिण्याच्या माठात, वाळ्याच्या जुडीशेजारी. बाकीच्यांची वाटणी होते आणि ती महापालिकेच्या अंदाजपत्रकाहून जास्त वाद घालून होते. मी मात्र नळी घेऊन गरम फरशीवर आधी स्वतःच्या पायांवर पाणी सोडतो, मग कुंड्यांवर. तापल्या मातीचा वास वर येतो, बुलबुल नळीच्या टोकाशी येऊन आंघोळ उरकतो, आणि घरातून ‘अहो, लाइट बिल भरलंत का?’ या प्रश्नाला पाण्याच्या आवाजात ऐकू न येण्याची सोय असते. इतका निवांत अर्धा तास जानेवारीत मिळत नाही. जानेवारीत बिल भरावं लागतं.

अशाच एका संध्याकाळी सगळ्या कुंड्यांना पाणी घालून नळी गुंडाळली, आणि वळीव आला. येणारच. आधी धूळ, मग गारा, मग पंधरा मिनिटं धो धो. काकू खालून ओरडल्या, ‘बघ, उगाच एवढं पाणी घातलंस!’ पण वळवाचा पाऊस जाळीवर आणि पानांवरच खर्च होतो. बोट खुपसून बघितलं तर जाळीखालच्या कुंड्या आतून तशाच. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्त्यावर जागोजागी डबकी असताना, मी पुन्हा नळी लावली. फिरायला निघालेले दोन आजोबा खाली थांबले. वर बघून एकाने दुसऱ्याला विचारलं, ‘याला सांगायचं का?’

दुसरा म्हणाला, ‘नको. काल गाराही त्याच्याच डोक्यात पडल्या.’

खरं आहे ते. जाळीत साठलेल्या गारा मी काठीने ढकलल्या होत्या, तेव्हाची गोष्ट.