वाळवंटातील अरण्याबाबत खुलासा

ट्यूसन, अ‍ॅरिझोना

तीर्थरूप बाबांचे सेवेशी,

बालक श्रीधर याचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले कृपापत्र पावले. जेथे वर्षाकाठी जेमतेम बारा इंच पाऊस पडतो तेथे अरण्य कोठून आले, आणि अरण्य असेल तर त्या मुलुखास वाळवंट का म्हणावे, असा जो लेखी सवाल आपण केला आहे, त्यास तोंडदेखले उत्तर देऊन भागणार नाही हे मी जाणून आहे. कारण मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या हाती अर्धवट खुलासा पडला, की तो तांबड्या शाईच्या शेऱ्यासह परत येतो, हा आम्हां भावंडांचा शाळेपासूनचा अनुभव आहे. तेव्हा यथास्थित जबानी देतो.

आमच्या शहराच्या उत्तरेस सांता कॅटालिना नावाची डोंगररांग आहे. ती कोरोनाडो राष्ट्रीय अरण्यात मोडते आणि तिचा माथा, माउंट लेमन, नऊ हजार फुटांहून उंच आहे. शहर मात्र अडीच हजार फुटांच्या आसपास. हवा वर चढते तशी ती निवत जाते व आपल्याजवळचे पाणी माथ्यावर टाकून मोकळी होते. त्यामुळे खालच्यांना ऊन आणि वरच्यांना पाऊस व बर्फ, अशी वाटणी येथे अनादिकालापासून चालत आली आहे. थोडक्यात, येथील अरण्य आडवे पसरलेले नसून उभे रचलेले आहे, आणि त्याची रचना हुबेहूब आपल्या कचेरीसारखी आहे: पायथ्याशी उन्हात तिष्ठत उभे असलेले सग्वारो निवडुंग व आपल्या वेड्या बाभळीचे जातभाई मेस्कीट, त्यांच्यावर गवत व ठेंगणे ओक, त्यांच्यावर पाँडेरोसा पाइनचे गंभीर अधिकारी, आणि अगदी वर, उत्तरेकडच्या सावलीत, फर व अ‍ॅस्पेन ही थंड हवेखेरीज कोणाची गाठ न घेणारी मंडळी. यांतील सग्वारोस पहिला हात फुटावयास बहुधा पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात, हे कळल्यापासून आपल्या खात्यातील बढत्यांविषयी माझा ग्रह बराच निवळला आहे. पाँडेरोसाच्या उन्हाने तापलेल्या सालीस नाक लावले असता व्हॅनिलाचा वास येतो, सौ.ने तो घेतला, चिरंजीवांनी घेतला, आणि पुढचा अर्धा मैल आइस्क्रीमच्या मागणीवर वाटाघाटी करण्यात गेला.

आता घोड्याविषयी. आपले पूर्वज शिलेदार होते, या कथेची उजळणी आपल्या प्रत्येक पत्रात असते, म्हणून कुळाच्या अब्रूखातर मी येथील एका पागेत जाऊन रपेटीचा मनसुबा जाहीर केला. प्रथम त्यांनी माझे वजन विचारले, ते सौ.ने, मी बोलण्याच्या आत, खरे खरे सांगून टाकले. मग माझ्यापुढे एक कबुलीनामा आला, ज्यात घोडा हा जात्याच बुजणारा, लाथ मारणारा व पाडणारा प्राणी असून इजा वा मृत्यू घडल्यास माझी किंवा माझ्या वारसांची काही तक्रार राहणार नाही, असे कलमवार नमूद केलेले होते. असा दस्तऐवज पेशव्यांनी पानपताच्या स्वारीपूर्वी लिहून घेतला असता, तर आपले किती शिलेदार कलमे वाचून घरी परतले असते, कोण जाणे! मी सही केली. पण बाबा, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. मी तर बारगीरही ठरत नाही, कारण बारगिराला घोडा आणि पगार दोन्ही सरकारातून मिळत, आणि येथे पैसे मीच भरले.

बिस्किट नावाच्या त्या तांबूस घोड्यावर बसल्यावर मात्र या देशातील माझा दर्जा तत्काळ वाढला. डोंगरवाटेचा येथील दंडक असा, की सायकलवाल्याने सर्वांना वाट द्यावी, पायी चालणाऱ्याने घोड्यास द्यावी, आणि घोड्याने कोणासही देऊ नये. याच रांगेत पुश रिज नावाचा भाग 1978 पासून कायद्याने निर्जन राखला आहे. तशा अरण्यात सायकलीस मज्जाव आणि घोड्यास मुभा, हे वाचून आपणांस या सरकारविषयी आदर वाटेल. घोडा समोरून आला, की पादचाऱ्याने वाटेच्या उताराकडील बाजूस उभे राहून शांतपणे बोलत राहावे. कारण वरच्या अंगास दबून बसलेली आकृती घोड्याला डोंगरी सिंहाची वाटते, आणि बोलणारा प्राणी माणूस आहे एवढे त्यास समजते. सौ. व चिरंजीव त्याच वाटेने पायी येत होते. ते नियमाप्रमाणे खाली उतरून उभे राहिले, आणि काय बोलावे हे न सुचल्याने चिरंजीवांनी एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस साते ‘एकशे तेरा’ म्हणताच बिस्किटाने नापसंतीने मान झटकली. आजोबांचे संस्कार घोड्यांपर्यंत पोहोचल्याचे पाहून मला भरून आले.

त्याच ठिकाणी चोया नामक निवडुंगाचा लिंबाएवढा गोळा चिरंजीवांच्या पोटरीस चिकटला. त्याच्या काट्यांस डोळ्यांना न दिसणारे उलटे दाते असतात, त्यामुळे हाताने सोडवू जावे तर तो हातालाच धरतो. आमची वाटाडी मुलगी खाली उतरून खिशात काही चाचपू लागली, तोच सौ.ने तीर्थरूप आईंनी पाठविलेला विरळ दातांचा लाकडी कंगवा पुढे केला. मुलीने तो गोळ्याच्या व कातडीच्या मध्ये सरकविला, मनगटास एक हिसडा दिला, आणि गोळा दहा हात दूर जाऊन पडला. रानात कंगवा बाळगणे ही येथील रीतच आहे. परंतु चंदनी नक्षीचा कंगवा तिने प्रथमच पाहिला असावा.

एक हकीकत खास आपल्यासाठी राखून ठेवली आहे. या डोंगरावरची सडक 1933 पासून 1950 पर्यंत प्रामुख्याने कैद्यांच्या श्रमांतून तयार झाली. त्यांची छावणी जेथे होती, तेथे आता मुक्कामाची जागा असून पायवाटा तेथून सुटतात, आणि त्या जागेस 1999 साली गॉर्डन हिराबायाशी यांचे नाव दिले आहे. जपानी वंशाच्या लोकांवर 1942 मध्ये लादलेली संचारबंदी हिराबायाशी या विद्यार्थ्याने बुद्धिपुरस्सर मोडली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1943 मध्ये निकाल विरुद्ध लागला. चार भिंतींपेक्षा उघड्यावरील छावणीत शिक्षा भोगू द्या, असे त्याचे म्हणणे. सरकारने सांगितले, तेथवर पोहोचविण्यास खर्च मिळणार नाही. तेव्हा हा गृहस्थ रस्त्यावरच्या मोटारींना हात दाखवीत दाखवीत, उत्तरेकडील वॉशिंग्टन राज्यातून ट्यूसनला आपण होऊन हजर झाला. आणि कचेरीत त्याला उत्तर काय मिळाले? आपले कागद सापडत नाहीत, परत जावे! तो हटेना. शेवटी, सिनेमा पाहून या, तोवर दप्तर धुंडाळतो, असे ठरले. संध्याकाळी कागद निघाले आणि आरोपी तुरुंगात रुजू झाला. त्याची दोषसिद्धी 1987 मध्ये रद्द झाली. दप्तर गहाळ होणे ही आपल्याच तालुक्याची मक्तेदारी नाही, हे यावरून दिसेल. परंतु शिक्षा व्हावी म्हणून आरोपीनेच हेलपाटे घातल्याचे उदाहरण आपल्या साऱ्या नोकरीत घडले असल्यास उलट टपाली कळवावे.

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. लहानांस आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
श्रीधर

ता. क. पावसाळ्यात आम्ही डोंगरावर जाऊ नये, असे आईने बजाविले आहे. येथील हवामान खात्याचा पावसाळा 15 जूनला सुरू होऊन 30 सप्टेंबरला संपतो; पाऊस त्या हुकमाची तामिली करतोच असे नाही, पण करतो तेव्हा विजांसह करतो, म्हणून आम्ही दुपारच्या आत खाली उतरतो. तरी छत्री पाठवू नये. मेतकूट पाठवावे.