सॅल्यूट दाराबाहेर

आमच्या भागात हुद्दा माणसाबरोबर निवृत्त होत नाही. सुभेदार घरी येतो, काजूची कलमं लावतो, कौलं परततो आणि मरेपर्यंत 'सुभेदारानू' हीच हाक ऐकतो. तो गेल्यावरही घर सुभेदाराचंच राहतं. नातू मुंबईत नोकरीला लागला तरी गावात पत्ता सांगताना आजोबांचाच हुद्दा सांगावा लागतो.

तळेऱ्याच्या नाक्यावर अर्धा तास थांबा, अशी दोन-तीन माणसं नक्की भेटतील. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो. एक रस्ता वैभववाडीवरून गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरला चढतो, दुसरा विजयदुर्गाला उतरतो. सुट्टीवर येणारा जवान इथेच ट्रंक खाली ठेवतो आणि पुढच्या एसटीची वाट बघतो. तिकडे सावंतवाडी तालुक्यात आंबोली, चौकुळ, गेळे ही तर सैनिकांची गावं म्हणूनच ओळखली जातात. आंबोलीचे पांडुरंग गावडे २०१६ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना गेले. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं.

या मानाला मी धक्का लावत नाही. तो कमावलेला आहे. पण निवडणूक आली की पक्षांची नजर नेमकी या मानावर पडते. मंचावर पहिल्या रांगेत एक माजी सैनिक, गळ्यात पदकं, हातात पुष्पगुच्छ. भाषण दुसऱ्याचं. बॅनरवर फोटो आहे, पण जाहीरनाम्यात पेन्शनवर एक ओळ नाही. याची मला चीड येते आणि ती मी लपवणार नाही.

सैनिकाने राजकारणात यावं का? यावंच. पण काय घेऊन यावं आणि काय दाराबाहेर ठेवावं, हा खरा प्रश्न आहे.

याचं उत्तर शोधायला आपल्याला दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. १९९१ ची लोकसभा निवडणूक आठवा. तेव्हा आपला मतदारसंघ राजापूर. १९७१ पासून सलग पाच वेळा इथून मधु दंडवते निवडून गेले होते. ते जनता राजवटीत रेल्वेमंत्री झाले, व्ही. पी. सिंगांच्या सरकारात अर्थमंत्री झाले, कोकण रेल्वेसाठी आयुष्यभर भांडले. अशा माणसाला या मतदारांनी १९९१ मध्ये घरी बसवलं आणि काँग्रेसच्या तिकिटावर लष्करातून आलेल्या सुधीर सावंतांना दिल्लीला पाठवलं. पुढे ब्रिगेडियर सुधीर सावंत म्हणून ते राज्यभर ओळखले गेले. पाच वर्षांनी, १९९६ मध्ये, याच मतदारांनी शिवसेनेच्या सुरेश प्रभूंना निवडलं.

यातून मी एवढंच घेतो की वर्दीचं वजन एका निवडणुकीपुरतं असतं. दुसऱ्या वेळी मतदार कामाचा हिशेब मागतो. दंडवत्यांसारख्या संसदपटूला ज्यांनी सोडलं नाही, ते फौजी अधिकाऱ्याला कशाला सोडतील? आपला मतदार आतिथ्यशील आहे, भोळा नाही.

सावंतांच्या नंतरच्या वाटचालीबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात. पक्ष बदलले, मधल्या काळात ते आम आदमी पक्षाचे राज्य संयोजकही होते. पण मालवण तालुक्यात किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र उभं आहे, शेतकरी तिथे रोपं आणि सल्ला घ्यायला जातो, आणि त्या कामाशी सावंतांचं नाव जोडलेलं आहे. माझ्या लेखी हे काम दहा भाषणांपेक्षा मोठं. खासदारकी गेली, रोपवाटिका राहिली.

आता मूळ मुद्दा. फौज माणसाला हुकूम पाळायला शिकवते. तिथे ते बरोबरच आहे. खंदकात प्रत्येकाने आपलं मत मांडायला घेतलं तर खंदक जाईल. पण विधानभवनात माणूस पाठवला जातो तो प्रश्न विचारायला. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा ही तिथली हत्यारं. आणि तिथेच पक्ष त्याच्या हातात पक्षादेश देतो. शब्दातच 'आदेश' आहे. वीस वर्षं आदेश पाळलेल्या माणसाला हा शब्द ओळखीचा वाटतो, आणि पक्षाला असा शिस्तीचा आमदार मनापासून आवडतो. हात वर कर म्हटलं की करतो, बस म्हटलं की बसतो. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला, तेव्हापासून तर पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकीच पणाला लागते.

मग शिस्त असूनही ताठ कणा राखलेले सैनिक राजकारणात झालेच नाहीत का? झाले.

पंजाबात कॅप्टन अमरिंदर सिंग. शीख रेजिमेंटचे अधिकारी, १९६५ च्या सुरुवातीला राजीनामा देऊन घरी आलेले, लढाई पेटल्यावर परत रुजू झालेले. १९८० मध्ये काँग्रेसचे खासदार झाले. १९८४ मध्ये ऑपरेशन ब्लू स्टार झालं तेव्हा त्यांनी लोकसभा आणि पक्ष, दोन्ही सोडले. पुढे विधानसभेत गेले, दोनदा मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारभारावर टीका करायला जागा पुष्कळ आहे. पण खासदारकी हातात असताना ती टाकून द्यायला जे लागतं, ते त्यांच्याकडे होतं.

दुसरे उत्तराखंडचे मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. लष्कराच्या इंजिनिअर शाखेतले. वाजपेयींच्या सरकारात रस्ते खात्याचे मंत्री. सुवर्ण चतुष्कोनाचं काम त्यांच्या काळात धावलं. दोनदा मुख्यमंत्री झाले. २०१२ मध्ये 'खंडुरी है जरूरी' अशी घोषणा राज्यभर देऊन पक्ष लढला, आणि कोटद्वारमध्ये खंडुरी स्वतः पडले. म्हणजे तिथलाही मतदार आपल्यासारखाच.

पण खंडुरींचं मला सर्वांत मोठं वाटणारं काम त्यानंतरचं आहे. ते संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष होते. मार्च २०१८ मध्ये समितीचा अहवाल आला आणि त्यात लष्कराच्याच साक्षीतून नोंद झाली की भूदलाची ६८ टक्के सामग्री जुनाट झाली आहे आणि अत्याधुनिक म्हणावी अशी फक्त ८ टक्के आहे. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीची फेररचना झाली आणि अध्यक्षपद दुसऱ्याकडे गेलं. खंडुरींनी जवानासाठी जे केलं ते या अहवालात आहे. सीमेवर उभ्या पोराच्या हातातली बंदूक कुठल्या वयाची आहे, हे छापून सभागृहासमोर ठेवणं. सैनिक लोकप्रतिनिधी हवा तो यासाठी.

आणि हे करायला वर्दी लागतेच असंही नाही. यशवंतराव चव्हाणांनी कधी गणवेश घातला नाही. राज्याचे मुख्यमंत्री असताना त्यांच्या काळात १९६१ मध्ये साताऱ्याला देशातलं पहिलं सैनिक स्कूल निघालं, आणि १९६२ च्या चीन युद्धात पंडित नेहरूंनी संरक्षण खातं त्यांच्या हाती दिलं. उलट, महाराष्ट्राच्या राजकारणाला सर्वांत जास्त हादरे देणारा माजी सैनिक कधी निवडणुकीला उभाच राहिला नाही. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे लष्करात ड्रायव्हर होते. २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसून त्यांनी राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा पुढे रेटला. आज तळेऱ्याचा एखादा निवृत्त हवालदार साध्या अर्जावर ग्रामपंचायतीचा खर्च मागू शकतो, त्यात या ड्रायव्हरचा वाटा आहे.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. कुलाब्याची आदर्श सोसायटी. ३१ मजले. कारगिलच्या वीरांचं नाव पुढे आणि सदनिकांच्या यादीत पुढारी, सनदी अधिकारी, निवृत्त सेनाधिकारी. २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाणांना त्या प्रकरणात पद सोडावं लागलं. वर्दी आणि खादी एकाच जिन्याने वर गेली होती. म्हणून 'माजी अधिकारी आहे, म्हणजे स्वच्छच असणार' हे वाक्य माझ्यापुढे कुणी बोलू नये. हुद्दा मोठा असला की प्रश्नही मोठे विचारावेत.

तर आपल्याकडे उद्या एखादा माजी सैनिक मत मागायला आला, कुठल्याही पक्षाचा, तर त्याला हार घालण्याआधी खुर्ची द्या आणि विचारा. माजी सैनिकांना घरपट्टी माफ करणारी बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना राज्याने २०२० मध्ये आणली. ती तुमच्या गावात किती जणांना मिळाली? कागदासाठी किती खेपा घालाव्या लागल्या? माझ्या ओळखीच्या एका वीरपत्नीने एका दाखल्यासाठी एका कार्यालयात चार फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला एसटीचं भाडं आणि एक मजुरी बुडालेली. तिच्या घरी प्रजासत्ताक दिनाला सत्कार झाला होता. शाल आली, दाखला आला नाही.

'वन रँक वन पेन्शन'चा आदेश नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला, जुलै २०१४ पासून लागू. तो मिळवायला म्हाताऱ्या सुभेदारांना दिल्लीत जंतरमंतरवर महिनोनमहिने बसावं लागलं. तेव्हा त्यांच्या पदकांसोबत फोटो काढणारे किती लोकप्रतिनिधी त्यांच्या शेजारी येऊन बसले? साधा शिपाई ऐन पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुलांची शाळा चालू, बापाचं आजारपण चालू, आणि हाताला येते ती कुठल्या तरी गेटवरची सुरक्षारक्षकाची नोकरी. तोफखान्यात हिशेबाचं काम केलेला, सिग्नलमध्ये यंत्रं सांभाळलेला माणूस आपण रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर लिहायला बसवतो. हा विषय विधानसभेत मांडण्यासाठी लष्करी हुद्दा उपयोगी पडतो, कारण बोलणारा ते जगलेला असतो. तो बोलला नाही तर त्या हुद्द्याचा काय उपयोग?

विधान परिषदेच्या ७८ जागांत शिक्षकांच्या आहेत, पदवीधरांच्या आहेत, राज्यपालांच्या बारा आहेत. सैनिकांना वेगळी जागा द्या, अशी मागणी कोणी करतं. मला ती पटत नाही. राखीव जागेतून आलेला माणूस पुन्हा पहिल्या रांगेतला पाहुणाच होईल. त्याने तळेऱ्यात, देवगडात, वैभववाडीत मतं मागावीत, पडावं, परत उभं राहावं. तळेऱ्याच्या हायस्कुलावर ज्यांचं नाव आहे ते वामनराव महाडिक १९७० मध्ये परळची पोटनिवडणूक लढून शिवसेनेचे पहिले आमदार झाले. ती जागा त्यांना कोणी राखून ठेवली नव्हती.

आणि घाई केली पाहिजे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं सेवा, त्यातले पंचवीस टक्केच पुढे कायम, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख रुपये आणि निरोप. पेन्शन नाही. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली. त्या पहिल्या वर्षी भरतीची कमाल वयोमर्यादा २३ केली होती. म्हणजे ट्रंक घेऊन तळेऱ्याच्या नाक्यावर जो उतरेल, तो बावीस ते सत्तावीस वर्षांचा असेल. कौलं परतण्याचं त्याचं वय नाही. त्याला 'सुभेदारानू' अशी हाकही येणार नाही, कारण तेवढा हुद्दा गाठायला त्याला वेळच मिळालेला नसेल.

विधानसभेला उभं राहायचं किमान वय पंचवीस आहे.