लिम्फोमाच्या फायलीवरून वैद्यकभाषेचे अध्ययन : नवशिक्या नातेवाइकांसाठी

वैद्यकीय परिभाषा आत्मसात करण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्या मार्गास नीटची प्रवेशपरीक्षा, साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता लागते. दुसऱ्यास घरातील एक माणूस आजारी असणे पुरते, आणि ‘तुला वाचता येतं, तूच सांभाळ’ असे म्हणून ज्याच्या हाती फाईल दिली जाते तो त्या क्षणापासून विद्यार्थी ठरतो. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या मार्गाचे असून त्यासाठी गगनबावडा तालुक्यातील ५२ वर्षांच्या एका काल्पनिक शेतकऱ्याची फाईल नमुना म्हणून घेतली आहे. लिम्फोमा, म्हणजे लसीका यंत्रणेतील पांढऱ्या पेशींचा कर्करोग, या अभ्यासास विशेष सोयीचा होय. कारण त्याचे उपचार बहुधा काही महिने चालतात आणि तेवढ्या अवधीत बेताच्या बुद्धीचा पुतण्याही पारंगत होतो.

अध्ययनाचे पहिले साधन म्हणजे प्लास्टिकची जाड पिशवी. गगनबावडा हे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असल्याने एसटीच्या खिडकीतून येणाऱ्या झडीत शाईने लिहिलेले निदान धुऊन निघते, रोग मात्र निघत नाही. दुसरे साधन रेशनकार्ड व आधारकार्ड यांच्या झेरॉक्स प्रती. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर त्यांवाचून एकही पारिभाषिक शब्द पुढे सरकत नाही.

फाईलचे पहिले पान ‘सी/ओ’ या अक्षरांनी सुरू होते. ‘रुग्णाची तक्रार अशी की’ असा त्याचा अर्थ असून नमुना रुग्णाच्या बाबतीत ती मानेतल्या न दुखणाऱ्या गाठीची आहे. दुखत नाही म्हणून भात कापून होईपर्यंत तिच्याकडे दुर्लक्ष झाले आणि नंतर ती क्षयाची असावी असा तर्क झाला, जो आपल्याकडे क्षय मुबलक असल्यामुळे अगदीच अवाजवी नव्हता. सुईने थोड्या पेशी ओढून घेण्याची तपासणी, जिला एफएनएसी म्हणतात, येथे अपुरी पडते. लिम्फोमाचा प्रकार ठरवण्यासाठी पेशींची ग्रंथीतील मांडणी पाहावी लागते, म्हणून शक्य तेथे अख्खी गाठ काढून बायोप्सी करतात. त्या गाठीचा तुकडा मेणात बसवला की ‘ब्लॉक’ तयार होतो. हा नखाएवढा मेणाचा चौकोन, कडेला क्रमांक लिहिलेला, टिश्यू पेपरात गुंडाळून पुढील तपासणीसाठी मुंबईस नेण्याचा मान नातेवाइकाकडे येतो, आणि तो ब्लॉक रात्रभर उशाखाली ठेवून झोपणे हा अध्ययनाचा अनिवार्य भाग समजावा.

यापुढे शुभाशुभाचे संकेत उलटे होतात. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे दखल घेण्याजोगे काही नाही, हा येथील सर्वोच्च गौरव होय. ‘पॉझिटिव्ह’ ऐकून पेढे आणू नयेत, तथापि ‘सीडी २० पॉझिटिव्ह’ ऐकून रडूही नये, कारण त्या पेशींवर सीडी २० हे प्रथिन असल्याने रिटुक्सिमॅब हे औषध त्यांना हेरू शकते. ‘बी लक्षणे’ तीन : ताप, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक घटलेले वजन. या तिसऱ्याबाबत नमुना रुग्णास उत्तर देता आले नाही, कारण त्याच्या उसाचे वजन दर हंगामात कारखान्याच्या काट्यावर होते, त्याचे स्वतःचे कधी झालेले नाही. अखेर पट्ट्याची दोन नवी भोके पुरावा म्हणून स्वीकारण्यात आली.

रोग कुठवर पसरला हे सांगणाऱ्या टप्प्यांना १९७१ पासून अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर या शहराचे नाव आहे, २०१४ ची सुधारणा स्वित्झर्लंडातील लुगानोच्या नावे आहे, आणि पेट स्कॅनवरील एक ते पाच गुण फ्रान्समधील दोव्हिल या समुद्रकाठच्या गावाचे नाव लावतात. चौथा टप्पा ऐकताच हातपाय गाळू नयेत, कारण लिम्फोमाच्या अनेक प्रकारांत त्या टप्प्यावरही रोग बरा होऊ शकतो. गगनबावड्याच्या नावाची श्रेणी अद्याप कोणी काढलेली नाही; काढल्यास कोल्हापुरात भागले तर पहिला टप्पा, मुंबई गाठावी लागली तर दुसरा, आणि मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले तर रोग कोणताही असो, चौथा.

औषधयोजनेचे नाव ‘आर-चॉप’. पाच औषधांच्या आद्याक्षरांचा हा समास असला तरी मेडिकलच्या बिलावर तो ताडून पाहणाऱ्याची फजिती होते. कारण ‘एच’ हे डॉक्सोरुबिसिनच्या रासायनिक नावाचे अक्षर असून ‘ओ’ हे व्हिन्क्रिस्टीनच्या एका जुन्या व्यापारी नावाचे आहे. व्हिन्क्रिस्टीन मूळचे सदाफुलीतून मिळते. ही माहिती गावात सांगू नये, अन्यथा दुसऱ्या दिवशी कोणीतरी पाल्याचा काढा घेऊन हजर होते, आणि तो काढा विषारी ठरू शकतो.

फाईलचा गाभा म्हणजे प्रोग्रेस नोट, अर्थात प्रगतीची दैनिक नोंद. तिचा ‘प्रोग्रेशन’शी घोटाळा करू नये, तेथे प्रगती रोग करीत असतो. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात रुजवलेल्या पद्धतीनुसार या नोंदीचे चार भाग असतात : रुग्ण काय म्हणतो, तपासणीत काय आढळते, त्यावरून काय वाटते आणि पुढे काय करायचे. पहिल्या भागाचा नमुना पाहावा. राउंडला डॉक्टरांनी ‘काय त्रास?’ असे विचारल्यावर रुग्ण, मोठ्या माणसापुढे रडगाणे नको म्हणून, ‘काय न्हाई सायेब, बरं हाय’ असे म्हणतो, आणि कागदावर ‘नो फ्रेश कम्प्लेंट्स’ उमटते. बोटांना मुंग्या येऊन सदऱ्याची बटणे लागत नाहीत, हा व्हिन्क्रिस्टीनचा परिचित दुष्परिणाम, तो संध्याकाळी बायकोला सांगतो. लाल औषधानंतर लघवी लाल झाली, जी डॉक्सोरुबिसिनच्या रंगामुळे होते, ती तो कोणालाच सांगत नाही. चाणाक्ष विद्यार्थ्याने पहिला भाग बायकोकडून भरून घ्यावा आणि डॉक्टर येताच वाचून दाखवावा. चौथ्या भागात बहुतेक दिवस ‘सीएसटी’ एवढेच असते. कोल्हापूरकडील नातेवाइकांचा यावरून महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटे काढण्याकडे कल असतो. वास्तविक ‘तेच उपचार चालू ठेवा’ असा त्याचा अर्थ आहे. ज्या बावड्याच्या जहागिरीचे रामचंद्रपंत अमात्य यांनी राज्य कसे चालवावे हे आज्ञापत्रात सविस्तर लिहिले, तेथील माणसास तीन अक्षरांचा आदेश त्रोटक वाटला तर त्यात नवल नाही.

एका शब्दाबाबत मात्र थट्टा वर्ज्य आहे. ‘फेब्राइल न्यूट्रोपेनिया’ म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना आलेला ताप. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात त्याचा धोका अधिक, आणि थर्मामीटर १००.४ अंशांवर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहता येत नाही, रात्रीच निघावे लागते. म्हणून पावसाळ्यात जाणत्या घरचा रुग्ण हे दिवस कोल्हापुरात पाहुण्यांकडे काढतो.

उपचारांअखेर ‘कम्प्लीट मेटाबॉलिक रिस्पॉन्स’, म्हणजे पेट स्कॅनवर जिवंत रोगाची खूण न उरणे, हे शब्द मिळाले की अभ्यासक्रम संपतो. पण डॉक्टर ‘बरा झाला’ असे न म्हणता ‘फॉलोअप’ म्हणतात, तेव्हा पिशवी टाकून देऊ नये. पदवीदान समारंभ होत नाही. त्याऐवजी गल्लीतील माणसे आपापले रिपोर्ट घेऊन येऊ लागतात. अशा वेळी विद्यार्थ्याने शब्दाचा अर्थ सांगावा, निदान सांगू नये, आणि मोबदला म्हणून फक्त चहा घ्यावा. त्या घरच्या चहात साखर किती पडते हे हातातल्या रिपोर्टवरून बहुधा आधीच कळलेले असते.