गडग्यापलीकडची कपिली

"काय गो बाय, आज पन दूध मातयेक?"

काकी गडग्यावर कोपर टेकून उभ्या. पलीकडे चरवी कलंडलेली, वहिनी गुडघा चोळत बसलेली आणि कपिली मजेत शेपटी झटकत होती.

"काय करू काकी, सडाक हात लावलो की पाय उचलता. पयल्या वेताची ना."

"ती गाभण होती तेव्हा कधी कासेक हात लावलंस? माझी सासू रोज कास चोळी, पाठ खाजवी. व्याल्यावर गायीक नवीन काय्येक वाटा नाय. आणि तुझो घोव! रयवारी कणकवलीसून येता आणि सेंट मारून गोठ्यात जाता. तिका वाटता कोण पावणो इलो."

वहिनी हसली. काकींचं म्हणणं मात्र खोटं नाही. वासराने तोंड लावलं, ओळखीचा हात फिरला की गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन सुटतं आणि मिनिटभरात पान्हा येतो. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो, त्यात धार संपवायची. गाय बिचकली, तर दूध कासेत असूनही खाली उतरत नाही. त्यातून ही आपली कोकण कपिला. दिवसाला दोन-अडीच लिटर देणार, तेही वासरू समोर असेल तरच.

"मोठी चरवी कित्याक घेतलंस? तांब्यो घे, एका हातात धर. सांडला तर तांब्याभरच सांडतला. वासराक पयले चार घोट पिवक दे, मगे तिच्या तोंडाकडे बांध, चाटीत रवात. नखां काप. मूठ धरून काढ, आंगठो मुडपा नको, सड दुखावतत. डोकां तिच्या कुशीक टेक. पाय हलूच्या आधी कूस हलता, तुका कळतला."

"आणि लाथ मारल्यान तर?"

"तर उठा नको! तू उठलंस की ती जिकली. तिका कळला, लाथ मारली की ही बाई जाता."

"मागले पाय बांधूक सांगतत सगळे."

"बांध. लाथ थांबात, पन तुका बघल्यार ती रोज थरथरात."

"वाडीतलो एक जण सुई मारूक सांगी होतो."

एवढ्यात रस्त्याने गुरुजी चालले होते. 'सुई' ऐकून थांबलेच. "प्राणी क्रूरता प्रतिबंधाचा १९६०चा कायदा आहे, कलम बारा! दूध वाढवायला फुका घातला किंवा अपायकारक सुई टोचली तर शिक्षा आहे. वर जनावर सरकारजमा!"

"होऊ दे जमा," काकी म्हणाल्या. "सरकार तरी तिचा दूध काढतला कसा? लाथ त्येंका पन खावची लागतली."

गुरुजी छत्री सावरत निघून गेले. कायद्याची थट्टा त्यांना सोसत नाही.

काकींनी आवाज उतरवला. आता मुद्द्याचं.

"काय गो, त्या चिकाचा काय झाला? गडग्यावरना खरवसाची वाटी काय इली नाय."

"वासराक पाजलो, काकी. डॉक्टरान सांगल्यान, पयल्या तासांतच पाजा म्हणान."

"सगळो?"

"सगळो."

"आमच्या वाडीत असा कोणी करूक नाय हां," काकी म्हणाल्या.