तलंगांचे तपासनीस

निवृत्त माणसाला परसात चार कोंबड्या पाळाव्याशा वाटल्या तर त्यात वावगं काही नाही. पण तो बँकेतून तपासनीस म्हणून निवृत्त झाला असेल, तर कोंबड्यांचं काही खरं नाही.

आमचे नाना त्यातले. भोरच्या रस्त्याला त्यांनी घर बांधलं आणि घराआधी खुराडं. चहूबाजूंनी जाळी, बसायला दांड्या, मुंगूस उकरून आत शिरू नये म्हणून खाली कोबा. वास्तुशांत तेवढी राहिली. प्रश्न उरला एकच, तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणायच्या कुठून? त्या प्रश्नाला येत्या पाडव्याला दोन वर्षं होतील.

आधी आठवडी बाजार झाला. तिथं नाना कोंबडी घेत नाहीत, तपासतात. छातीचं हाड चाचपतात, पंखाखाली फुंकर मारून उवा शोधतात, मागची पिसं बरबटलीत का ते चष्मा कपाळावर चढवून बघतात, चोचीशी कान नेऊन घरघर ऐकतात. (तपासायची रीत हीच, हे मान्य करायला हवं. मी मात्र दोन पावलं लांब उभा राहतो.) मग डालग्यामागच्या मावशींना पृच्छा होते, "मानमोडीची लस कधी टोचलीय?"

"लस कशापायी? कालपातूर उकिरडा उकरत हुती की!"

"काही कागद?"

"घ्याची तर घ्या, न्हाईतर ठिवा खाली. भ्यालीया ती."

नानांची भीती खोटी नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आठवड्यात खुराडं रिकामं करते. म्हणून नवी कोंबडी दोन-तीन आठवडे जुन्यांपासून वेगळी ठेवावी लागते. नानांनी त्यासाठी दुसरं खुराडंही बांधून घेतलंय. आता दोन्ही रिकामी आहेत.

सायकलवरून गुलाबी-हिरवी पिल्लं विकणाऱ्याला त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं, "अंड्यांच्या जातीतले टाकून दिलेले नर आहेत हे, जन्मात अंडं देणार नाहीत." पोरं रडायला लागली.

मग खडकीचं सरकारी अंडी उबवणी केंद्र. सरकारी शिक्का म्हटल्यावर नाना हरखले. पण एक दिवसाचं पिल्लू आणायचं म्हणजे तीन-चार आठवडे बल्बखाली ऊब द्यायची, आणि नर-मादी न निवडता घेतली तर निम्मे कोंबडे निघणार. "पन्नास टक्के बुडीत कर्ज!" असं म्हणून नानांनी फाइल बंद केली.

जातींचंही तेच. गिरिराज बंगळूरची, वनराज हैदराबादची. दोघींची अंडी गावठीपेक्षा जास्त, पण नानांचा जीव अडकला तो झाबुआच्या कडकनाथात. कारण त्या जातीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे कागद आला! पुढे कळलं की ते मानांकन मांसाला आहे. नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत.

शेवटी एक शेतकरी सापडला. आठ-नऊ आठवड्यांच्या तलंगा वाढवून विकणारा. माझ्या मते शहाण्यानं इथूनच घ्याव्यात. किंमत पिल्लापेक्षा जास्त, पण बल्बची रात्रपाळी वाचते, तुऱ्यावरून नर-मादी बहुधा ओळखू येते आणि साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात अंडं हातात येतं. नानांनी लसींची वही मागितली. त्यानं काढून दिली. पहिल्याच दिवशी मरेक्स, सातव्या दिवशी लासोटा, चौदाव्या दिवशी गंबोरो, पुढे देवी, सगळं तारीखवार, सहीसकट. नानांनी वही उलटसुलट पाहिली. तलंगांचे डोळे टपोरे, पाय स्वच्छ. कुठं बोट ठेवायला जागा नाही. नानांचा चेहरा पडला.

परतीच्या वाटेवर गाडीत बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "हिशेब इतका चोख लागतोय, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय."

समोरच्या आजींकडे मात्र पाच कोंबड्या आहेत. खुडूक बसलेल्या शेजारच्या कोंबडीखाली त्यांनी अंडी ठेवून घेतली, झालं. नानी अंडी तिथूनच आणतात, टोपलीवर पदर घेऊन, मागच्या दारानं.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे लस दिलेल्या चार चांगल्या तलंगा विकायला असतील, तर नानांना कळवू नका. नानींना कळवा. पैसे रोख, आणि नाना दुपारी दोन ते चार झोपलेले असतात.