अकरा शब्दांची प्रेमकहाणी : नवशिक्या हळव्यांसाठी

अभिनंदन. तुम्ही पंचावन्न ओलांडलीत, गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली आणि कुणीतरी तुम्हाला ‘बी.एस्सी. ८८’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओढलं. आता रोज सकाळी सहाला तिथे कुणीतरी लिहितं, ‘ते दिवसच वेगळे होते रे.’ खाली बावीस जण बदाम टाकतात. तुम्ही तेवढे गप्प. कारण तुमच्याकडे सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही.

घाबरू नका. बाकीच्या बावीस जणांचंही तेच आहे. हळवं व्हायला काही घडावं लागतं, हा नवशिक्यांचा गैरसमज. थोडं भांडवल आणि भरपूर वेळ असला की तीन महिन्यांत कुणीही स्वतःची पुण्यातली, मोबाईलपूर्व काळातली, पावसात भिजलेली प्रेमकहाणी उभी करू शकतो. मी केली. तुम्हीही करा.

१. आधी भांडवल मोजा.

एकदाच, फक्त स्वतःशी, खरं काय झालं ते आठवा. वहीत लिहा आणि नंतर ती वही रद्दीत घाला. नमुन्यादाखल माझं भांडवल देतो. साल १९८६, एस.वाय., केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल.

मी : जर्नल मिळेल का?
ती : हं. उद्या हवंय.
(तीन दिवसांनी)
ती : झालं का?
मी : नाही. उद्या.
ती : बरं.

एकूण अकरा शब्द. पहिलंच वाक्य बारकाईनं पाहा. ‘देतेस का’ म्हटलं तर सलगी होते, ‘देता का’ म्हटलं तर समोर काकू उभ्या राहतात. म्हणून ‘मिळेल का’. आमच्या पिढीच्या मुलांना मराठी व्याकरणानं केलेली ही सर्वांत मोठी मदत. तीन वर्षं आम्ही वर्गातल्या मुलींशी कर्ता गाळून बोललो. ‘मिळेल का’, ‘सांगता येईल का’. समोरच्या व्यक्तीचा वाक्यात पत्ताच नाही.

आता तिचं उत्तर. ‘उद्या हवंय.’ काय हवंय, ते तिनं मोघम ठेवलं. इथे थांबा, डोळे मिटा, खिडकीबाहेर पाऊस सुरू करा. तिसऱ्या दिवशीच्या ‘झालं का?’मधली काळजी तर पुढची तीस वर्षं पुरते.

अकरा शब्द कमी वाटत असतील तर सांगतो, आमच्या ग्रुपवर एक जण गेली सहा वर्षं ज्या प्रेमाबद्दल लिहितो आहे, त्यात एकूण शब्द शून्य आहेत. एकदा ती शिंकली होती. तीसुद्धा बहुधा तिची मैत्रीण होती.

२. गैरसोयीला ओलावा म्हणा.

‘आमच्या वेळी फोन नव्हते’ असं लिहू नका, कुणीतरी चूक काढतो. फोन होते. अख्ख्या वाड्यात एक. अर्ज केल्यावर नंबर लागायला वर्षं जायची, म्हणून लोक शेजाऱ्यांचा नंबर देऊन पुढे ‘पी.पी.’ लिहायचे. त्या फोनवर क्रोशाचं कव्हर असे आणि डायलला इवलंसं कुलूप. खालच्या काकू अंगणात येऊन ओरडायच्या, ‘अगंऽऽ, कुणा मुलाचा फोन आहेऽऽ’, आणि चौदा बिऱ्हाडं भाजी चिरायची थांबायची. त्यामुळे कुणी फोन करतच नसे. हे तुम्ही असं लिहा : ‘तेव्हा न बोलताच सगळं कळायचं.’

नाक्यावरचा लाल डबा विसरू नका. त्यात पलीकडून ‘हॅलो’ ऐकू आलं की मग रुपयाचं नाणं टाकायचं, तेव्हा कुठे आपला आवाज पोचायचा. म्हणजे ‘हॅलो’ फुकट. ते तिच्या वडिलांचं निघालं तर रुपया वाचला. तिचं निघालं तरी वाचला, कारण पुढे बोलायचं काय ते ठरलेलं नसे. मी एकाच रुपयावर दोन सेमिस्टर काढली आहेत. तिकडे त्या घरी रात्री साडेआठला घंटी वाजायची आणि पलीकडे कुणी बोलत नसे, हे त्या घरच्यांना कसं वाटत असेल, असा विचार मनात आल्यास पाणी प्या. जातो.

पत्रांवर एक परिच्छेद हवाच. ‘पत्रांतला ओलावा’ हा शब्दप्रयोग वापरा, पण मोबाईलला बोलून टाईप करायला सांगू नका. त्याला ‘ओला’ एवढंच ऐकू येतं आणि तो टॅक्सी मागवायला निघतो. अंतर्देशीय पत्र न फाडता दोन्ही कडांनी दाबून, त्याची दुर्बीण करून आतलं वाचण्यात प्रत्येक घरात एक तरी आत्या तरबेज असे, हे गाळा. तुम्ही लिहिलेली सातही पत्रं पोस्टात पडली नाहीत, हेही गाळा.

३१ जुलै १९९५ ही तारीख मात्र पाठ करा. त्या दिवशी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. खऱ्या प्रेमाला उतरती कळा त्याच दिवशी लागली, असं ठोकून द्यायला बरं पडतं. पुढे २००३पर्यंत आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत आणि पोरं मिस्ड कॉलवर प्रेम करत. पण ते भांडवल आपल्या नंतरच्या बॅचचं. आपण हात लावू नये.

३. शब्द बदलायला शिका.

हा धडा सर्वांत महत्त्वाचा. इथे घाई केलीत तर सगळं मुसळ केरात.

‘मागे जायचो’ असं कधीही लिहू नका. ‘तिच्या गल्लीतून जायचो’ असं लिहा. माझं घर पर्वतीच्या पायथ्याशी, कॉलेज टिळक रोडजवळ, तिचा वाडा नारायण पेठेत. नकाशात पाहाल तर नारायण पेठ बरोब्बर उलट्या दिशेला आहे. तरी आठवड्यातून चार दिवस ती माझ्या वाटेत यायची. वाड्यासमोर सायकलची चेन पाडायची, ती चढवत पंधरा मिनिटं बसायचं, हात काळे करायचे. याला ‘निरागसपणा’ म्हणतात.

आणखी काही रूपं घोकून ठेवा. ती मान खाली घालून झपझप चालायची : ‘लाजायची.’ तिनं रस्ता बदलला : ‘खोडकर होती.’ कोपऱ्यावर भाऊ उभा राहू लागला : ‘घरंदाज मुलगी.’ फुटपाथ सोडून मैत्रिणींच्या घोळक्यात शिरली : ‘गर्दीतही नजर शोधायची.’ रक्षाबंधनाच्या आधी तिनं राख्यांचं पुडकं घेतल्याची बातमी आली आणि आपण आठवडाभर तापाचं निमित्त करून घरी बसलो : ‘काही नात्यांना नाव नसतं.’ त्या राख्यांना पोरीही पुरत्या ओळखून होत्या. दहा पैशांच्या दोऱ्यात एक माणूस कायमचा मार्गाला लागतो, इतकं स्वस्त संरक्षण तेव्हा पुण्यात दुसरं नव्हतं. पण हे माझं खासगी मत, तुमच्या पोस्टमध्ये नको.

आणि लुना. सगळे म्हणतात की प्रेमाचं वाटोळं मोबाईलनं केलं. साफ चूक. पुण्यात तरी पहिला धक्का लुनानं दिला, आणि तीही पुण्याच्याच कायनेटिकची मोपेड, १९७२पासूनची. चेतकसाठी बाप नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. लुना त्या मानानं लवकर मिळायची, चालवायला सोपी, आणि बंद पडली तर पॅडल मारून घरी नेता यायची. टी.वाय.च्या पहिल्या आठवड्यात ती लुनावर आली. मी माझ्या सायकलवर अलका टॉकीजच्या चौकापर्यंत जिवाच्या आकांतानं पॅडल मारली. पुढे नुसता निळा धूर. तिनं लुना का घेतली असेल, हा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही. तुम्ही लिहा : ‘वेगानं आमच्यातलं काहीतरी हिरावलं.’

४. सामान जमवा.

साठ मिनिटांची एक कॅसेट. तिच्यासाठी दुकानात यादी देऊन भरून घेतलेली, दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणं मध्येच तुटलेलं, तीन वर्षं स्वतःच ऐकलेली. टेप बाहेर आली की पेन्सिल घालून गुंडाळायची. पेन्सिलीचा फोटो टाकलात तरी चाळीस बदाम नक्की. सिंहगडाच्या सहलीचा ग्रुप फोटोही हवा. छत्तीस फोटोंच्या रोलमधला हा एकोणिसावा. ती डावीकडून तिसरी, कुणाच्या तरी टोपीमागे. दिसतं ते कोपर. झूम करा.

शेलापागोटे आठवत असतील तर घ्या, पण जपून. गॅदरिंगमध्ये माईकवरून तिच्या नावानं जे वाचलं गेलं, ते तुमचंच होतं हे कबूल करू नका. हॉल हसला होता. ती हसली होती की नाही, ते तुमच्या जागेवरून दिसत नव्हतं.

५. ‘वैशाली’ची सोय करा.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’त जेवढी प्रेमं जमली असं आमची पिढी सांगते, ती सगळी खरी धरली तर तिथे डोसे टाकायला जागाच उरली नसती. प्रत्यक्षात आम्ही पाच पोरं तीन कॉफ्या पाच कपांत करून प्यायचो, टेबलाच्या मागे लोक जागेसाठी ताटकळत उभे असायचे आणि बिल टी.टी.एम.एम., म्हणजे तुझं तू माझं मी. मुलगी त्या टेबलावर कधीच नव्हती. ती दुसऱ्या टेबलावर होती, तिच्या मैत्रिणींबरोबर. ‘आम्ही दोघं वैशालीत असायचो’ हे वाक्य त्यामुळे खोटं ठरत नाही.

६. पुढच्या पिढीला नमवा.

मुलगी विचारेल, ‘बाबा, तिला सरळ विचारलं का नाही?’ उत्तर एकच : ‘तुम्हाला नाही कळायचं.’ वर तिच्या फोनकडे तुच्छतेनं पाहा. मग म्हणा, ‘आमच्या वेळी विश्वास होता.’ आणि ती बाहेर पडली की साडेनऊला तिचं लाइव्ह लोकेशन उघडा.

एक अडचण येऊ शकते. मुलगी एखाद्या दिवशी सांगेल की क्लासवरून येताना एक जण आठवड्यातून चार दिवस गाडीवर मागे असतो. बोलत काहीच नाही. सोसायटीच्या गेटसमोर थांबतो, मोबाईल दुरुस्त केल्यासारखं करतो. अशा वेळी जवळच्या पोलीस चौकीचा नंबर शोधा, गेटवर रखवालदाराला बजावा, शेजारच्या दोघांना घेऊन खाली उतरा. हे सगळं करताना धडा तिसरा चुकूनही उघडू नका. तो वेगळ्या वहीत ठेवलेला बरा.

७. स्नेहमेळावा.

इथवर आलात म्हणजे तुम्ही तयार झालात. तुमच्या पोस्टला दीडशे बदाम पडलेत. ‘तिच्या अक्षरांकडे पाहत तीन रात्री जागलो’ हे वाक्य इतर दोन ग्रुपांवर तुमचं नाव काढून फिरतं आहे. आता कर्वे रस्त्यावरचं एखादं कार्यालय, माणशी आठशे रुपये, गळ्यात नावाची पाटी. नावाची पाटी चांगल्या अक्षरात लिहा, नाहीतर सगळे कॅटररचे समजतात.

ती येईल. येतातच. केस पांढरे ठेवलेले, हातात ताट, सोबत तुमची पोस्ट वाचलेल्या चार मैत्रिणी. वाऱ्यानं पदर वगैरे उडणार नाही, एसी हॉल आहे. ती सरळ तुमच्यासमोर येऊन बसेल आणि कर्ता अजिबात न गाळता म्हणेल, ‘तू तो जर्नलवाला ना?’

ही परीक्षेची वेळ. हसा. मग ती वरणभात कालवत, अजिबात आवाज न चढवता सांगेल की दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. ‘उद्या हवंय’ ते त्यासाठी हवं होतं. तीन दिवस वाट पाहून तिनं नवं जर्नल विकत आणलं, मैत्रिणीचं समोर ठेवून सगळे प्रयोग आकृत्यांसकट एका रात्रीत पुन्हा लिहिले, आणि उशीर झाला म्हणून सरांनी तरी मार्क कापलेच. ते पहिलं जर्नल परत मिळालं नाही ते नाहीच.

ते कुठे आहे, हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे. माळ्यावर, कॅसेटच्या खोक्यात. त्यावर गेल्या आठवड्यात एकशेबारा बदाम मिळालेत.

मैत्रिणी जेवायच्या थांबल्या आहेत. ती तुमच्याकडे पाहून विचारेल, ‘मग? झालं का उतरवून?’

तोंडात एकच उत्तर येईल, दोन शब्दांचं. आवरा. ‘मठ्ठा आणतो’ म्हणून उठा, आणि सगळ्यांत लांबच्या काउंटरकडे जा.